परागकणांची ॲलर्जी: सीझन खरंच लांबत चाललाय का?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून हे विचारायचं होतं. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. मला कॉलेजात असल्यापासून ॲलर्जीची सर्दी आहे, सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, डोळे चुरचुरतात, टाळूला अशी खाज सुटते की काही सुचत नाही. पण तेव्हा त्याचं टायमिंग ठरलेलं असायचं, गणपती गेले की सुरू आणि दिवाळीनंतर थंडी पडली की बंद, मग होळीच्या आसपास परत थोडे दिवस. आता गेली काही वर्षं कधी सुरू होतं आणि कधी संपतं काही कळेनासं झालंय. २०२५ ला तर मे महिन्यातच पाऊस धरला, आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर जून संपायच्या आत गाजरगवत गुडघ्याच्या वर आलेलं, जुलैत सगळं पांढरं पांढरं फुललं आणि माझं नाक तेव्हापासून जे गळायला लागलं ते थेट संक्रांतीपर्यंत. मुलगी आठवीत आहे, तिलाही आता सुरू झालंय, रात्री खोकते, खेळून आली की छातीत घरघर होते.

माझी बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडेही सीझन लांबलाय आणि लोक सरळ क्लायमेट चेंज म्हणून बोलतात. आपल्याकडे हे कुणी बोलतच नाही, डॉक्टर गोळ्या लिहून देतात, शेजारी म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झालीय, सासूबाई म्हणतात फ्रिजमधलं पाणी बंद करा. तर हवामान बदल आणि परागकणांचा खरंच काही संबंध आहे का? गाजरगवताचेच परागकण असतील का? आणि मुलीला वर्षभर गोळ्या देत राहायच्या का? ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रानवाटा
ताई, मी वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता रिटायर झालोय. संबंध आहे, आणि तो नुसता 'ऊन वाढलं' एवढाच नाहीये, तीन-चार गोष्टी एकावर एक बसलेल्या आहेत त्यामुळे जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट कार्बन डायऑक्साइड. आपण त्याच्याकडे फक्त उष्णता अडवणारा वायू म्हणून बघतो पण झाडासाठी तो जेवण आहे. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो ३१५ पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. आता तण हे मुळातच अधाशी असतं, जास्त मिळालं की जास्त वाढणार. तुमच्या बहिणीकडे जे रॅगवीड नावाचं तण आहे ना, त्याच्यावर लुईस झिस्का नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोग केले होते. कारखान्यांच्या आधीच्या काळातली हवा, म्हणजे २८० पीपीएम, मग तेव्हाची ३७० आणि पुढे येऊ शकणारी ६००, अशा हवेत तेच रॅगवीड वाढवून बघितलं. २८० वरून ३७० ला एका झाडाचे परागकण जवळपास दुप्पट झाले आणि ६०० ला परत त्याच्या दुप्पट. मग त्यांनी बाल्टिमोर शहरात आणि बाहेर खेड्यात एकसारख्या मातीत तण वाढवलं, तर शहरात, जिथे गरमी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही जास्त, तिथलं रॅगवीड लवकर फुललं आणि कितीतरी जास्त परागकण दिले. म्हणजे शहरांमध्ये पुढचा काळ आजच येऊन बसलाय. पुण्यातल्या सिमेंटच्या रस्त्यांमधला मोकळा प्लॉट याच जातीतला.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. अमेरिका-युरोपात झाडांचं घड्याळ थंडी ठरवते, त्यामुळे तिकडे वसंत लवकर आला की सीझन लवकर. आपल्याकडे थंडीपेक्षा पाऊस महत्त्वाचा. गाजरगवताला ओल मिळाली की बी रुजतं आणि साधारण महिना-दीड महिन्यात फुलं. त्याला सीझन असा नसतोच, ओल असेल तितक्या पिढ्या ते एका वर्षात काढतं. २०२५ ला मुंबईत मान्सून २६ मेला आला, तोपर्यंतच्या नोंदींमध्ये इतका लवकर कधीच आला नव्हता. मग तुमच्या प्लॉटवर जुलैत फुलं आली यात नवल काय? आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरला अवकाळी झाला की परत एक पीक. तुम्ही म्हणताय ना सुरू कधी, संपतं कधी कळत नाही, ते यामुळेच असायची शक्यता मला खूप वाटते.

गाजरगवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यावर. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. आज देशात असा जिल्हा सापडणं अवघड जिथे ते नाही. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. याचे परागकण सर्दी-शिंका करतात हे बंगळुरूकडच्या अभ्यासात दाखवलेलं आहे, आणि पानं-खोडाला हात लागला की काहींच्या अंगावर चट्टे येतात तो वेगळाच ताप.

कोथरूडची_सई
मला नाही वाटत गाजरगवत. आमच्याकडे सगळा त्रास सप्तपर्णीचा आहे. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी तो वास सुटला की डोकं दुखतं, नाक चोंदतं. सोसायटीत सहा झाडं आहेत, तोडायला परवानगी मागायचं चाललंय. शिवाय उन्हाळ्यात ते कापसासारखं उडत असतं ते पण नाकात जातं.

रानवाटा
सईताई, तोडायच्या आधी कृपया थांबा. सप्तपर्णीच्या वासाने काहींना डोकेदुखी होते, नाक चुरचुरतं, हे अगदी खरं आहे, पण वासाचा त्रास वेगळा आणि परागकणांची ॲलर्जी वेगळी. ज्या फुलांना रंग आहे, वास आहे ती किड्यांना बोलवत असतात, त्यांचे परागकण जड आणि चिकट, ते लांब उडत नाहीत. गुलमोहर, बहावा, सप्तपर्णी ही त्या गटातली. वाऱ्यावर बेभरवशाचं सोडणाऱ्यांना ढिगाने परागकण करावे लागतात आणि त्यांची फुलं आपल्या लक्षातही येत नाहीत: सगळी गवतं, माठाच्या कुळातली तणं, एरंड, सुरू, वावळ. वावळ जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, होळीच्या आसपास ज्यांना त्रास होतो त्यांनी परिसरात वावळ आहे का बघावं. आणि तो कापूस म्हणजे सावरीचा नाहीतर रुईच्या म्हाताऱ्या, ते बी उडवायचं साधन आहे, परागकण नव्हेत. त्याच दिवसांत गवताचे न दिसणारे कण हवेत असतात आणि आळ दिसणाऱ्या कापसावर जातो.

झाड तोडलं तर सावली जाईल, जमीन तापेल आणि रिकाम्या जागेत पहिलं कोण उगवेल? गाजरगवतच.

तटस्थ_नजर
सगळं हवामान बदलावर ढकलायची फॅशन झालीय असं माझं स्पष्ट मत. पुण्यात दहा वर्षांत बांधकामं किती वाढली बघा, डिझेलचा धूर बघा, बाल्कनीत कबुतरं बघा. रस्ता खणून ठेवला की महिनोन् महिने धूळ. ती कारणं आपल्या हातातली आहेत म्हणून त्यांच्यावर बोलायला नको वाटतं लोकांना. कार्बन डायऑक्साइड वाढला म्हटलं की कुणाचीच जबाबदारी नाही.

रानवाटा
तुमचा मुद्दा बिनबुडाचा नाहीये. धूळ, धूर, कबुतरांची विष्ठा आणि पिसं हे त्रास खरे आहेत. पण ते परागकणांपासून वेगळे काढता येत नाहीत, डिझेलच्या धुराने नाकाचं अस्तर आधीच सुजलेलं असतं, मग तेवढेच परागकण जास्त झोंबतात, आणि ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड यांनी परागकणांवरची प्रथिनंसुद्धा बदलतात. आणि हवामानाचा वाटा किती, हे शास्त्रज्ञांनी आकड्यात काढायचा प्रयत्न केलाय. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या १९९० ते २०१८ च्या नोंदींचा एक मोठा अभ्यास आला, त्यात परागकणांचा सीझन सुमारे २० दिवस लवकर यायला लागलाय आणि परागकण २१ टक्क्यांनी वाढलेत असं निघालं. सीझन लांबण्यातला साधारण निम्मा वाटा माणसाने केलेल्या हवामान बदलाचा, पण परागकणांची संख्या वाढण्यात तो वाटा सुमारे ८ टक्केच. म्हणजे सगळं हवामानावर ढकलू नका हे तुमचं म्हणणं त्याच अभ्यासात आहे, आणि हवामानाचा संबंध नाही असं म्हणता येत नाही हेही त्यातच आहे. अशी तीस वर्षांची रोजची मोजणी आपल्या शहरांची असायला हवी होती. चंडीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेने २०२१ ला त्यांच्या शहराचं परागकणांचं कॅलेंडर काढलं, कुठल्या महिन्यात कशाचे कण हवेत असतात त्याचं. पुणे, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर, प्रत्येकाचं असं कॅलेंडर पाहिजे आणि ते पावसाच्या नोंदीशेजारी ठेवून बघितलं पाहिजे. इतक्या कॉलेजांत वनस्पतीशास्त्राचे विभाग आहेत, हे काम अशक्य नाहीये.

यारा_किनारी
मेलबर्नवरून लिहितोय. धागा वाचून राहवलं नाही कारण इथे नवीन येणाऱ्या आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही, आणि सांगितलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०१६. त्या वर्षी इथला वसंत ओला गेला होता, त्यामुळे शहराच्या बाहेर मैलोन् मैल पसरलेल्या कुरणांत रायग्रास नावाचं गवत भरपूर वाढलेलं. त्या दिवशी पारा ३५ च्या आसपास आणि संध्याकाळी एकदम वादळ. वादळापुढचा वारा ते सगळे परागकण गोळा करून शहरावर घेऊन आला. आता अख्खा परागकण मोठा असतो, नाकातच अडकतो, म्हणून त्याने शिंका येतात पण तो फुफ्फुसात खोल जात नाही. ओलाव्याने मात्र तो फुटतो, आत शेकडो बारीक कण असतात आणि ते सरळ खाली छातीत जातात. काही तासांत हजारो लोक श्वास लागून हॉस्पिटलांत, ॲम्ब्युलन्स पुरेनात, आणि १० जण गेले. त्यातल्या कितीतरी आजाऱ्यांना त्याआधी दमा असल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं, फक्त 'हे फीवर' होता, म्हणजे आपण ज्याला साधी ॲलर्जीची सर्दी म्हणतो तीच. आणि नंतरच्या तपासात दिसलं की ॲडमिट झालेल्यांमध्ये भारत आणि श्रीलंकेत जन्मलेल्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होतं. वाचल्यावर पोटात गोळा आला होता माझ्या.

यात एक गोष्ट समजून घ्या. नवीन देशात आलं की पहिल्या एक-दोन वर्षांत काही होत नाही, शरीर त्या गवताला अजून ओळखत नसतं. मग तीन-चार सीझन गेले की सुरू होतं, आणि आपण म्हणत राहतो 'मला कधी ॲलर्जी नव्हती, थंडीने झालं असेल'. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दर ऑक्टोबरला मी हे टाकतो: शिंका असतील तर डॉक्टरकडून दम्याची तपासणी करून घ्या, निळा पंप (दम लागला की लगेच आराम देणारा) घरात ठेवा, आणि १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर थंडरस्टॉर्म अस्थमाचा, म्हणजे असा वादळातून होणाऱ्या दम्याचा, अंदाज रोज बघा. आमच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१७ पासून तो सुरू केलाय, आणीबाणीच्या सरकारी ॲपवर येतो. रेड असेल आणि वादळ यायला लागलं की दारं-खिडक्या बंद, एसी बाहेरची हवा आत घेत असेल तर तोही बंद. वादळ *यायच्या आधीचा* वारा सगळ्यात वाईट असतो, पाऊस सुरू झाल्यावर नाही. हवा जशी तापत जाईल तशी ओल्या वसंतानंतर अशी वादळं कशी वागतील याची इथे सगळ्यांनाच काळजी आहे.

मुठाकाठ ताई, मुलीच्या छातीतली घरघर साधी समजू नका.

मुठाकाठ
बापरे. यारा_किनारी दादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मग आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, धुळीचं वादळ आणि मग टपोरे थेंब, तेव्हा असं होऊ शकतं का? तेव्हा तर आम्ही मुद्दाम मातीच्या वासाला गच्चीवर जातो.

डॉ_नाकातलं
नाक-कान-घसा, नाशिक. वरचं वाचलं, चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. आता औषधांकडे येतो कारण तिथेच जास्त नुकसान होताना बघतो.

आधी वळवाचं. मेलबर्नसारखी रायग्रासची अफाट कुरणं आपल्याकडे नाहीत, पण वादळाच्या वाऱ्यात धूळ, बुरशीचे कण, परागकण सगळंच उडतं आणि दम्याच्या पेशंटला त्याने अटॅक येऊ शकतो. ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांनी तो पहिला सोसाट्याचा वारा घरात बसून काढावा, पाऊस स्थिरावला की खुशाल गच्चीवर जा.

मुलीचं: रात्रीचा खोकला आणि खेळल्यावर घरघर म्हणजे दमा आहे का हे बघायलाच पाहिजे. नाक आणि फुफ्फुस ही एकच वाट आहे, वर सुजलं की खाली सुजतं. पंपाला घाबरू नका, 'सवय लागते' हे साफ खोटं आहे, गोळीच्या कितीतरी पट कमी औषध थेट जागेवर जातं.

वर्षभर गोळ्या नाही. आपल्याकडे मेडिकलवाला जी गोळी सर्रास देतो तिच्यात बहुतेक वेळा लिवोसेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाबरोबर मॉन्टेलुकास्ट हे दुसरं औषध असतं. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मॉन्टेलुकास्टवर सगळ्यात कडक इशारा घातलाय: झोप बिघडणं, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदास वाटणं, काहींमध्ये आत्महत्येचे विचारसुद्धा. म्हणून नुसत्या शिंकांसाठी ते पहिलं औषध नाहीच. आणि परीक्षेच्या वयातल्या मुलांचा स्वभाव बदलला तर आपण त्याला अभ्यासाचं टेन्शन म्हणतो आणि गोळी चालूच राहते, हे मला सहन होत नाही. मुलीला ती चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

नाकासाठी मुख्य औषध म्हणजे स्टिरॉइडचा नेझल स्प्रे. तो एका दिवसात काम करत नाही, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून सीझनच्या *आधी* सुरू करायचा. इथेच तुमचा मूळ प्रश्न येतो: पूर्वी मी लोकांना गणपतीत सुरू करा म्हणायचो, आता पाऊस जर मेमध्येच येणार असेल तर तारखेवर जाता येत नाही, तुमच्या प्लॉटवर गवत रुजलेलं दिसलं की सुरू करा असं सांगतो. मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. नाक चोंदल्यावर टाकायचे ते लगेच मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांच्या पुढे वापरले की उलट नाक सतत चोंदायला लागतं, ते वेगळे आणि हे स्प्रे वेगळे, गल्लत करू नका. जलनेती चांगली, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं नको.

टेस्टबद्दल. प्रिक टेस्ट (कातडीला बारीक टोचून ॲलर्जी कशाची ते बघतात ती) करा पण आधी काही दिवस अँटीहिस्टामिन, म्हणजे लिवोसेटिरिझिनसारखं औषध, बंद ठेवावं लागतं, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे त्रास त्याचाच असं नसतं, लक्षणं आणि महिने जुळायला पाहिजेत. आपल्याकडे खूप जणांत धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, निघतात, गादी-उशीतले, ओलसर हवेत वर्षभर. पावसाळा लांबला की भिंतीची ओल आणि बुरशीही लांबते हेही लक्षात घ्या. इम्युनोथेरपी म्हणजे लसीसारखी ट्रीटमेंट, नीट निवडलेल्या पेशंटमध्ये छान काम करते पण तीन ते पाच वर्षं चालते. इंजेक्शन असेल तर घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. ऑनलाइन मागवलेले 'ॲलर्जी ड्रॉप्स' अजिबात नकोत.

ईशान्येचा_वारा
मुठाकाठ ताई, तुमच्या बहिणीसाठी लिहिते, मी मेरीलँडला असते. इथे रॅगवीड ऑगस्टच्या मध्यापासून फुलतं आणि पहिलं कडक दव पडून गोठलं की मरतं. ती पहिली गोठण आता उशिरा येते, म्हणजे शेवटच लांबलाय. उत्तरेकडे, कॅनडाच्या बाजूला हा फरक जास्त, १९९५ पासूनच्या मोजणीत काही ठिकाणी सीझन दोन ते चार आठवड्यांनी वाढलेला निघाला होता.

आणि एक महत्त्वाचं: रॅगवीड आणि गाजरगवत एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. दोघांच्या परागकणांमधली प्रथिनं इतकी मिळतीजुळती की एकाची ॲलर्जी असलेल्याचं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. त्यामुळे पुण्यात लहानपण गेलेला माणूस इथे आल्यावर पहिल्याच सप्टेंबरमध्ये आडवा होऊ शकतो, वर मेलबर्नचं लिहिलंय तसे तीन-चार सीझन थांबावं लागत नाही. माझ्या ॲलर्जिस्टला मी गाजरगवताचं वनस्पतीशास्त्रातलं नाव लिहून दिलं तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बहिणीला सांगा, डॉक्टरला हे नाव सांग: पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मी स्वतः कपडे बाहेर वाळत घालत नाही, बाहेरून आले की केस धुते आणि सकाळी खिडक्या बंद.

मुठाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीची डॉक्टरांकडे वेळ घेतली, तिच्या गोळीत मॉन्टेलुकास्ट आहेच. आता प्लॉटचं बघायचंय. मालक परगावी असतो, तक्रार करून काही होत नाहीये, आम्ही दहा-बाराजण मिळून काढू शकतो का? कसं काढायचं, जाळायचं का?

माणदेशी_शिवार
जाळू नका. आम्ही दरसाल काढतो, शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलंय.

फुलं यायच्या आत उपटा, हीच एक वेळ. पाऊस होऊन जमीन मऊ असते तेव्हा मुळासकट येतं, नुसतं वरून कापलं तर खालून परत फुटतं आणि लवकर फुलतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल नाही तर चांगला मास्क. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी, म्हणजे ताई तुम्ही आणि मुलीने, हात लावायचाच नाही, तुम्ही चहाचं बघा. फुलाआधी उपटलेलं खड्ड्यात घालून शेणकाला देऊन कंपोस्ट होतं. एकदा फुलं आली की बी धरायच्या आत काढून पोत्यात भरायचं, झटकायचं नाही.

मेक्सिकन भुंगे सोडतात ते पानं खातात, पावसाळ्यात चांगलं काम करतात. पण ऊन वाढून जमीन वाळली की भुंगा मातीत जाऊन बसतो, आणि अवकाळीवर गवत परत उगवतं तेव्हा तो हजर असेलच असं नाही, हे आमच्याकडं दिसायला लागलंय. त्यापेक्षा टाकळा पेरा. उपटून झालं की लगेच टाकळ्याचं बी फेका, तो दाट येतो आणि गाजरगवताला वर येऊ देत नाही, पहिल्या पावसातला कोवळा पाला भाजीलाही चालतो.

आणि एकदा काढून भागत नाही. बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, दर पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारावी लागते. पूर्वी आम्ही जुलै आणि सप्टेंबर अशा दोन फेऱ्या करायचो, आता जूनमध्ये एक आणि अवकाळी झाला तर नोव्हेंबरमध्ये एक अशा वाढल्यात. मालकाचा फोन नंबर ग्रामपंचायतीत नाहीतर वॉर्ड ऑफिसात मिळतो का बघा, परवानगी लेखी घ्या, नाहीतर काढून देणाऱ्यालाच बोल लागतो.